वाट चुकू पाहणारी मुले आणि गावाचे तरुण मंडळ

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या तालुका प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘किशोरवयीनांच्या समस्या व युवक मंडळांचे कार्य’ असे छापले आहे. नाव भारदस्त आहे. तथापि ते वाचताच येथे बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापल्या गावातील एखादे पोर उभे राहिले असेल, याबद्दल मला शंका नाही. आठवीनववीत शाळा सुटलेले, दिवसभर एस.टी.च्या थांब्यावर किंवा पानटपरीच्या आडोशाला दिसणारे, आणि गावात कोणाचे काहीही चोरीस गेले की ज्याचे नाव सर्वांत आधी निघते असे पोर. मी बोलणार आहे ते त्याच्याविषयी. आपण त्याचे नाव मनात धरून ऐकावे. मोठ्याने मात्र घेऊ नये.

मी परिवीक्षा अधिकारी म्हणून तेहेतीस वर्षे नोकरी केली. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची घरची परिस्थिती पाहणे, शेजारीपाजारी व शाळेत चौकशी करणे, आणि त्याला घरी पाठवावे की संस्थेत ठेवावे याविषयी अहवाल देणे, हे या अधिकाऱ्याचे मुख्य काम. छापील नमुन्यात वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, शिक्षण, व्यसने असे रकाने असतात. ते भरून झाले म्हणजे मी माझ्या समाधानासाठी मुलाला दोन प्रश्न विचारीत असे. पहिला प्रश्न, संध्याकाळी तू कुठे असतोस? याचे उत्तर बहुतेक मुले देत. दुसरा प्रश्न, तिथे तू एखादे दिवशी गेला नाहीस, तर कोणाला चुकल्यासारखे होते? या प्रश्नावर मुले गप्प होत. काही हसत. एक जण म्हणाला, “पोलिसांना.” ते उत्तर विनोदाने दिलेले नव्हते.

आपल्या भाषेत ‘दादा’ हा एक विलक्षण शब्द आहे. थोरल्या भावाला आपण दादा म्हणतो, आणि गल्लीत दहशत बसविणाऱ्यालाही दादाच म्हणतो. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. बारा ते अठरा या वयात मुलाला आईबापांच्या पलीकडचा, आपल्याहून चारदोन पावसाळे अधिक पाहिलेला, आपल्याला नावाने हाक मारणारा कोणीतरी हवाच असतो. घरात नसेल तर तो बाहेर शोधतो. बाहेरचा चांगला मनुष्य कामात असेल तर दुसरा मोकळाच असतो. सावज शोधणाऱ्याला वेळ नेहमीच असतो, हे आपण ध्यानात घेतलेले नाही. तो चहा पाजतो, मोटारसायकलवर मागे बसवितो, ‘तू आपला माणूस’ म्हणतो. हे तीन शब्द ज्या मुलाने घरी किंवा शाळेत कधी ऐकलेले नाहीत, त्याला ते किती मोलाचे वाटत असतील, याचा विचार करावा.

घरी का ऐकलेले नाहीत, याचे उत्तर प्रत्येक वेळी आईबापांचा दोष असे नसते. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजणी होते. लहान मुले बरोबर जातात. त्यांच्याहून मोठी आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर मागे राहतात. वर्षातील पाच-सहा महिने घरात वडीलधारे माणूस म्हणजे डोळ्यांनी अधू झालेली आजी. ती भाकरी घालू शकते. संध्याकाळी सातनंतर नातू कोठे आहे हे तिला कसे कळावे? पुढे २०२२च्या अखेरीपासून पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘कोयता गँग’ हे शब्द वारंवार छापून येऊ लागले. त्यातील कित्येक प्रकरणांत पकडली गेलेली मुले अठरा वर्षांखालची होती. त्या शहरी मुलांचा ऊसतोडीशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या हत्याराने एका ठिकाणी आईबाप पोट भरतात, तेच दुसऱ्या ठिकाणी पोरे मिरविण्यासाठी हाती घेतात, हे वाचून मन अस्वस्थ झाले खरे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण पंचायतीच्या सदस्यांना त्याची माहिती क्वचितच असते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यानुसार अशा मुलाला ‘गुन्हेगार’ म्हणावयाचे नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द आहे. शब्द जड आहे, पण त्यामागील भाव योग्य आहे. एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यांपैकी निदान एक स्त्री, असे बाल न्याय मंडळ त्याच्याविषयी निर्णय घेते. घोर अपराधांच्या बाबतीत सोळा वर्षांवरील मुलांसाठी निराळी प्रक्रिया आहे. ती आज बाजूला ठेवू. इतर प्रकरणांत मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समूह समुपदेशनास किंवा समाजसेवेस लावू शकते, आणि चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर आईवडील, पालक किंवा ‘योग्य व्यक्ती’ यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत ठेवू शकते.

‘योग्य व्यक्ती’ या दोन शब्दांपाशी मी आपल्याला क्षणभर थांबवितो. मंडळाने ती कोठून आणावयाची? मी अहवाल लिहिताना या जागी अनेकदा अडलो आहे. मुलगा सुधारण्यासारखा आहे, घर मात्र मोडकळीस आलेले, आणि गावात त्याची जबाबदारी घेण्यास कोणी तयार नाही. सरपंच म्हणत, “साहेब, त्याला तिकडेच ठेवा, गाव सुखी राहील.” गाव काही दिवस सुखी राहतेही. मग मुलगा अठरा वर्षांचा होऊन परत येतो.

पूर्वी ही योग्य व्यक्ती शोधावी लागत नसे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो खरा नव्हे; पूर्वीही कित्येक मुले वाया गेली, आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना तर कोणी आत घेतच नसे. तरीही जुन्या व्यवस्थेतील काही गोष्टी जाणून घेण्याजोग्या आहेत. तालीम घ्या. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, आणि पेठापेठांतून तालमी नांदत्या झाल्या. आज त्याच तालमींच्या नावांनी तेथे फुटबॉलचे संघ खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींचीच नावे. एका संघाचे समर्थक दुसऱ्याच्या समर्थकांवर धावून जातात तेव्हा पोलिसांना त्रास होतो, हेही खरे. परंतु तालमीतील वस्ताद हा मनुष्य पाहावा. तो केवळ डाव शिकवीत नाही. पोरगा पहाटे आला का, त्याने काय खाल्ले, रात्री किती वाजता निजला, कोणाबरोबर हिंडतो, हे सारे त्याला ठाऊक असते. मुलगा दोन दिवस आला नाही तर तो निरोप धाडतो. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वस्ताद.

राष्ट्र सेवा दलाची बांधणी १९४१ साली झाली आणि एस. एम. जोशी हे दलप्रमुख झाले. साने गुरुजींच्या मायेची सावली या दलावर होती. संध्याकाळची शाखा, खेळ, समूहगीते, सफाई, आणि पुढे कलापथक अशी त्याची रचना. या कलापथकांत पुण्याचे माळीकाम करणारे निळू फुले होते, आणि मुंबईच्या नायगावचे, गिरणी कामगाराच्या घरातील दादा कोंडके होते. दादांनी आपल्या तरुणपणच्या दांडगाईविषयी, सोडावॉटरच्या बाटल्या फेकून केलेल्या मारामाऱ्यांविषयी पुढे मोकळेपणाने सांगितलेले आहे. सेवा दलामुळेच ते त्या वाटेवरून फिरले, असा दावा मी करणार नाही. माणसाचे आयुष्य इतके सरळ नसते. पण ज्याच्या अंगात गर्दी जमविण्याची आणि ती खिळवून ठेवण्याची शक्ती आहे, अशा पोराला ती शक्ती दाखविण्यास रस्त्याखेरीज आणखी एक जागा मिळाली, एवढे तर निश्चित. अंगातील रग नाहीशी करता येत नाही. तिला जागा द्यावी लागते.

अलीकडचे उदाहरण नागपूरचे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना भर पावसात एका मोडक्या बादलीला लाथा मारून फुटबॉल खेळताना पाहिले. त्यांनी त्यांना चेंडू दिला आणि झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात झाली. लहान वयातच गुन्हेगारीत शिरलेला त्यांच्यातील एक तरुण २०१० साली ब्राझीलमध्ये झालेल्या बेघरांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा कर्णधार झाला. नागराज मंजुळे यांच्या २०२२च्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ही हकीकत घराघरांत पोहोचली. चित्रपट पाहून पुष्कळांनी मला विचारले की, आपणही गावात पोरांना एक फुटबॉल दिला तर चालेल का? मी म्हटले, चेंडू अवश्य द्या, पण बारसे सर दुसऱ्या दिवशीही मैदानावर गेले होते, आणि तिसऱ्याही.

यावर आपण म्हणाल की, मुले एकत्र जमली आणि त्यांना विरंगुळा मिळाला म्हणजे काम झाले. मीही नोकरीच्या प्रारंभी तसेच समजत होतो. दोन परदेशी पाहण्यांनी माझा तो समज दूर केला. स्वीडनमध्ये गावोगावी तरुणांसाठी करमणूक केंद्रे आहेत. संध्याकाळी दार उघडे, आत खेळ, गाणी, गप्पा. ठरलेले काम असे काही नाही. तेथील चौदा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. अशा मोकाट केंद्रांत नित्य जाणाऱ्या मुलांत समाजविघातक वर्तन अधिक आढळले. याउलट जेथे ठराविक वेळ, शिकविणारा प्रौढ आणि शिकण्यासारखे काही कौशल्य होते, तेथे जाणाऱ्यांत ते कमी होते. आता आपल्या तरुण मंडळाच्या खोलीची आठवण करावी. एक कॅरमबोर्ड, त्याभोवती चार जण खेळणारे, आठ जण पाहणारे, कोपऱ्यात मोबाईलवर पत्ते. पाहणाऱ्या आठांचा वेळ कसा जातो, याची चौकशी आपण कधी केली आहे का?

दुसरी गोष्ट याहून कठोर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने एक मोठा उपक्रम सुरू झाला. ५०६ मुलांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाला समुपदेशक मिळाला, घरभेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरे मिळाली, दुसऱ्याला काही नाही. हेतू उत्तम, माणसे तळमळीची. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड या विदुषीने त्या सर्वांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढील अभ्यासात दिसले की, ज्यांना शिबिरांस एकाहून अधिक वेळा पाठविले होते, त्यांचे नुकसान सर्वांत जास्त झाले. कारण असे दिले जाते की, त्रास देणारी मुले एकत्र आली म्हणजे ती एकमेकांच्या पराक्रमांना दाद देतात, आणि ती दाद हेच त्यांचे शिक्षण होते.

म्हणून माझी आपणांस पहिली विनंती अशी की, ‘बिघडलेल्या मुलांसाठी’ निराळे मंडळ कृपा करून काढू नका. तशी पाटी लागली की मुलाच्या कपाळावरही ती लागते. गावाचे जे मंडळ आहे, ज्यात वकिलीचे शिक्षण घेणारा आहे, दूध डेअरीवर काम करणारा आहे, भरतीची तयारी करणारा आहे, त्याच मंडळात अशा मुलाला घ्या. एकावेळी एक किंवा दोन. दहा चांगल्यांत एक सामावतो. दहा बिथरलेल्यांत एखादा चांगला टिकेल, याची हमी मी देत नाही.

दुसरी विनंती सोबतीच्या मोठ्या माणसाविषयी आहे, आणि येथे मला स्वतःची चूक सांगावी लागेल.

न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातील अर्नेस्ट कोल्टर या लिपिकाने १९०४ साली शहरातील सद्‌गृहस्थांना आवाहन केले की, प्रत्येकाने एकाच मुलाशी मैत्री करावी. त्यातून ‘थोरला भाऊ, थोरली बहीण’ अशा अर्थाच्या नावाची संस्था उभी राहिली. १९९५ साली तिच्या कामाची काटेकोर तपासणी झाली. १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलामुलींपैकी निम्म्यांना लगेच सोबती दिला, निम्म्यांना प्रतीक्षा यादीवर ठेवले. दीड वर्षानंतर सोबती मिळालेल्यांत अमली पदार्थांना प्रथमच हात लावण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले. शाळा बुडविण्याचे प्रमाणही जवळजवळ निम्म्याने कमी होते. हे आकडे भाषणांतून नेहमी सांगितले जातात. त्याच सामग्रीचा २००२ साली पुन्हा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष मात्र फारसे कोणी सांगत नाही. सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली त्या मुलांना लाभ सर्वाधिक झाला. पहिल्या तीन महिन्यांतच ती तुटली, त्या मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास पूर्वीपेक्षाही खाली गेला.

हे मी वाचले तेव्हा मला एक रविवार आठवला. १९९०च्या सुमारास एक चौदा वर्षांचा मुलगा माझ्या देखरेखीखाली होता. आईबाप तोडीला गेलेले. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून आतील तांबे विकताना सापडलेला. मी दर रविवारी त्याच्या गावी जात असे. आम्ही पारावर बसत असू. तो बोलत नसे, मग हळूहळू बोलू लागला; सायकल दुरुस्तीचे त्याला वेड होते. अडीच महिन्यांनी माझी बदली झाली. हुकूम हाती पडला त्या आठवड्यात सामान बांधणे, कार्यभार देणे, मुलांचे दाखले काढणे यांतच मी गुंतलो. त्याला भेटून सांगावयाचे राहून गेले. मनात म्हटले, नवीन अधिकारी येतील, ते पाहतील. ती जागा बरेच दिवस रिकामी राहिली. वर्षभराने कामानिमित्त त्या बाजूला जाणे झाले तेव्हा मी त्याच्या आजीला भेटलो. म्हातारी रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, “सायब, तीन आयतवार पोरगं न्हाऊन-धुऊन पारावर बसलं व्हतं. मग बसायचं बी सोडलं.” तोपर्यंत त्याला पुन्हा एकदा पकडून नेले होते. पुढे त्याचे काय झाले ते मला कळले नाही.

तेव्हापासून जो कोणी उत्साहाने ‘मी एखाद्या मुलाला मार्गदर्शन करतो’ म्हणून पुढे येई, त्याला मी प्रथम विचारीत असे, पुढची दिवाळी तुम्ही याच गावात करणार आहात का? नसाल तर दुसरे कोणते तरी काम घ्या. कामांना तोटा नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी सात दिवसांच्या शिबिरासाठी गावी येतात, मुले त्यांच्याभोवती गोळा होतात, आठव्या दिवशी टेम्पो निघून जातो. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी दत्तक गावात वर्षभर महिन्यातून एकदा तरी तेच दोन विद्यार्थी पाठविण्याची व्यवस्था केल्यास त्या सात दिवसांना काही अर्थ राहील. आणि शिक्षक बंधूंनो, आपल्याही बदल्या होतात. निदान मुलाला समोर बसवून सांगा की मी जात आहे, अमुक दिवशी जात आहे, आणि यापुढे या या माणसाकडे तू जावयाचे आहेस. हे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. मला ती मिळाली नाहीत, असे मी म्हणू शकत नाही.

अखेरच्या नेमणुकीत मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथेही असाच केबल चोरणारा एक मुलगा होता, सोळा वर्षांचा. गणेशोत्सवाच्या सभेत मंडळाच्या अध्यक्षाने सुचविले की, मंडपाच्या विजेच्या कामात वायरमनच्या हाताखाली याला द्यावे. सभेत हशा पिकला. कोणी म्हणाले, मग तिजोरीची किल्लीही देऊन टाका. वायरमन मितभाषी गृहस्थ. तो म्हणाला, “तांबं कुठं असतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मला तसाच माणूस पाहिजे.” दहा दिवस पोरगा त्याच्यामागे शिडी धरून होता. माळा लागल्या, एकही रात्र दिवे गेले नाहीत. उत्सव संपल्यावर हिशेब झाला तेव्हा चाळीस फूट वायर कमी भरली.

बहुतेक ठिकाणी कथा येथेच संपते. सगळे म्हणतात, आम्ही सांगत नव्हतो का! येथे मंडळाने त्याला बोलावून घेतले. त्याने कबूल केले. भंगारवाल्याला विकली होती. मंडळाने ठरविले की, वायरची किंमत त्याने वायरमनच्या हाताखाली मिळणाऱ्या मजुरीतून फेडावी, आणि पुढल्या वर्षीच्या मंडपाचे काम त्यानेच करावे. शिक्षा झाली, पण शिक्षेची मुदत पुढच्या गणपतीपर्यंतची होती. म्हणजे तोवर तो मंडळाचा माणूस राहणार, हे त्यातच ठरून गेले. वर्षभर वायरमन त्याला कामाला घेऊन हिंडला. अधूनमधून पोरगा दांडी मारी. वायरमन त्याच्या घरी जाऊन दारातून हाक मारी. आज तो मुलगा तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कारागीर आहे. तंबाखू सुटलेली नाही. पहिल्या पगारातून त्याने मंडळाला वायरचे एक पूर्ण भेंडोळे आणून दिले, असे मला सांगण्यात आले. हे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, म्हणून तसे सांगतो.

मुलींचा विषय मी शेवटाकडे घेतला, यात माझाही दोष दिसतो. त्रास देणारा मुलगा गावाला दिसतो. त्रासलेली मुलगी दिसत नाही, कारण ती घरात असते. आईबाप तोडीला जाताना वयात आलेल्या मुलीला मागे कोणाजवळ ठेवावे, ही खरी धास्ती असते, आणि त्या धास्तीपोटी चौदापंधराव्या वर्षी तिचे लग्न उरकले जाते. तिच्या हक्काचे एखादे मंडळ असते, संध्याकाळ होण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर कबड्डी वा खो-खोचा डाव असता, आणि बचत गटातील एखादी ताई तिच्या घरी येऊन बसत असती, तर आईला ‘हिला कोणाजवळ ठेवू’ या प्रश्नाचे एक तरी उत्तर मिळाले असते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी असते. तिचा विनियोग कशावर झाला, हे सदस्य भगिनींनी या वर्षी जरूर विचारावे. दरवेळी शिलाई यंत्रेच का?

काळजीची एक बाजू अप्रिय असली तरी बोललीच पाहिजे. मुलांशी सलगी करू इच्छिणारा प्रत्येक प्रौढ भला असतो असे नाही. ज्याच्यावर जबाबदारी सोपवावयाची त्याची चौकशी करा. ओळखीचा आहे म्हणून चौकशी टाळू नका. भेटी पारावर, मैदानात, दुकानात, चार लोकांच्या नजरेसमोर व्हाव्यात, बंद खोलीत नव्हे. मुलाला १०९८ हा मदतीचा क्रमांक पाठ असू द्या. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते; ती कागदावरून एकदा तरी बैठकीत येऊ द्या. आणि कायद्याने अशा मुलाची ओळख जाहीर करण्यास मनाई आहे. ‘सुधारलेला मुलगा’ म्हणून त्याचा सत्कार करून छायाचित्र छापू नका. त्याला हार नको असतो, त्याला रोज सहा वाजता यावयाचे असते.

शासनाच्या योजनांविषयी दोन शब्द. १९७२ साली नेहरू युवा केंद्रे सुरू झाली; ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘मेरा युवा भारत’ ही नवी यंत्रणा उभी राहिली. यांचा रोख प्रामुख्याने १५ ते २९ या वयोगटावर आहे, आणि गावच्या मंडळात प्रत्यक्षात सत्ता पंचविशीच्या पुढच्यांची असते. तेराचौदा वर्षांचा मुलगा दोरी धरावयास, पाणी वाटावयास आणि मिरवणुकीत नाचावयास चालतो. सभेत मात्र त्याला बसू देत नाहीत. त्याला एक खाते द्या. चेंडूत हवा भरणे, वाचनालयातील वर्तमानपत्रे लावणे, पाण्याची टाकी धुणे, काहीही. पण ते त्याचे एकट्याचे असावे, आणि त्याने न केल्यास ते अडावे. निवडणुकीच्या दिवसांत या मुलांना पेट्रोल आणि वडापाव देऊन मोटारसायकलींच्या फेरीत हिंडविणारे पुष्कळ भेटतात. त्या दिवशी मुलाला आपण कोणाचे तरी आहोत असे खरोखरच वाटते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याला कोणी ओळखत नाही. येथे उपस्थित असलेल्यांपैकी काहींना हे बोलणे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

कित्येक गावांत व्यायामशाळेची इमारत आहे, आत साहित्य आहे, आणि दाराला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे, असे विचारले की तीन नावे सांगितली जातात. आज घरी गेल्यावर आपल्या गावापुरती एवढी चौकशी करावी, आणि संध्याकाळी सहा ते आठ ते दार कोण उघडील त्याचे नाव ठरवावे. पुढील वर्गात मी अनुदानाविषयी विचारणार नाही, ते नाव विचारणार आहे.

माझे बोलणे संपले. कोणास प्रश्न विचारावयाचे असतील तर विचारावेत. ज्यांना अडीचची एस.टी. धरावयाची आहे, त्यांनी आधी.